तलवार कोणाची, नाक कोणाचं?

बाहेरगावच्या मैत्रिणीला नाशिकात पंचवटी-तपोवन दाखवायला न्या. रिक्षावाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत प्रत्येकजण हसत हसत सांगेल, 'लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते इथंच, म्हणून हे नाशिक!' नऊ टेकड्यांच्या नवशिखांवरून हे नाव पडलं, असंही एक मत आहे. ते कुणी एवढ्या चवीनं सांगत नाही.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात शूर्पणखा रामाला मागणी घालते. राम तिला थट्टेनं लक्ष्मणाकडे पाठवतो, लक्ष्मण पुन्हा रामाकडे. मग ती सीतेवर धावून जाते, हे खरंच. पण तिला नुसतं अडवायला दोन वीर पुरेसे नव्हते? खड्ग उपसलं गेलं ते थेट नाक-कान कापायला.

या तलवारीची आणखी एक कथा आपल्याला कुणी सांगत नाही. विमलसूरींच्या 'पउमचरिय' या महाराष्ट्री प्राकृतातल्या जैन रामकथेत शूर्पणखेचं नाव चंद्रनखा. तिचा मुलगा शंबूक दंडकारण्यात वेळूच्या बेटात बसून सूर्यहास खड्गासाठी तप करतो. खड्ग येतं, पण हाती लागतं लक्ष्मणाच्या. धार बघायला म्हणून तो बेटावर वार करतो आणि आतल्या मुलाचं डोकं उडतं. (उत्तरकांडातला शूद्र तपस्वी शंबूक वेगळा. मात्र तोही तप करताना तलवारीनंच मारला गेला.) म्हणजे दिव्य शस्त्र दुसऱ्याच्या तपाचं, आणि मेलेला मुलगा हिचा! या कथेत तिचं नाक शाबूत राहतं, पण तिथं ती स्वतःलाच ओरबाडून खोटी तक्रार करणारी ठरते. बायांनो, हे वाक्य पोलीस चौकीत आपण किती वेळा ऐकलंय?

मुलीनं मनाजोगं लग्न केलं की 'घराण्याचं नाक कापलं' म्हणतात. नाक घराण्याचं, चेहरा मात्र तिचा. नकार दिला म्हणून त्याच चेहऱ्यावर ॲसिड पडतं. त्यासाठी वेगळं कलम, ३२६अ, यायला २०१३ साल उजाडलं. किमान शिक्षा दहा वर्षं. २०२४ पासून न्याय संहितेत ते १२४ झालं. कलमाचा आकडा बदलला, तपोवनातलं नाक कापण्याचं शिल्प तसंच आहे. लोक मुलांना त्याच्यासमोर उभं करून फोटो काढतात.

शिल्प फोडा असं मी म्हणत नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानं महापालिकेकडे एवढंच मागूया: त्याच्याशेजारी मराठीत एक फलक लावा आणि त्यावर वेळूच्या बेटातल्या मुलाची, त्याच्या आईची गोष्टही लिहा.