केइकि कीं केकी ?

या सदराकडे येणारे प्रश्न बहुधा संस्कृत किंवा फारशी शब्दांविषयीं असतात. या महिन्यांत मात्र बारामतीजवळच्या पिंपळीहून एका भगिनींचें पत्र आलें आहे, आणि त्यांचा प्रश्न थेट पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांपर्यंत जाऊन पोंचतो. त्यांच्या ओसरीवर डेंड्रोबियम जातीचें ऑर्किड टांगलेलें आहे. त्याच्या जुन्या कांडीवर, वरच्या पेरापाशीं, एक इवलेंसें रोप फुटलें. रोपवाटिकेच्या पत्रकांत अशा रोपाला दिलेलें नांव इंग्रजी अक्षरांत छापलेलें आहे. थोरले दीर तें ‘कैकी’ असें वाचतात, धाकट्या जाऊबाई ‘कीकी’ म्हणतात आणि शाळकरी पुतण्या ‘केकी’ म्हणतो. खरा उच्चार कोणता, हें आपण सांगावें म्हणजे घरांतला वाद मिटेल, असें त्या लिहितात.

पुतण्याचा उच्चार ऐकून संस्कृत जाणणाऱ्यांना हसूं येईल, कारण केकी म्हणजे मोर. पण तिघांत सत्याच्या सर्वांत जवळ तोच आहे. शब्द हवाईयन भाषेचा असून त्याचा अर्थ ‘मूल’, ‘लेकरूं’. उच्चार ‘केइकि’. ए आणि इ हे दोन्ही स्वर ऐकूं आले पाहिजेत, मात्र एकावरून दुसऱ्यावर जीभ घसरत जावी. आपला ‘देई’ हा शब्द घाईनें उच्चारला असतां जसें होतें तसें. शेवटची इ ऱ्हस्व. मातेच्या अंगावरच वाढणाऱ्या रोपाला बागाइतानें लेकरूं म्हणावें यांत आपल्याला नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपला केळीवाला बुंध्याजवळच्या कोंबाला ‘पील’ म्हणतो, त्यांतही पिलूच ऐकूं येतें.

हवाईयन भाषेची वर्णमाला फार तुटपुंजी आहे. पांच स्वर आणि आठ व्यंजनें, एवढाच सारा संसार. त, र, स, ब यांना तींत जागा नाहीं. म्हणून ‘मेरी ख्रिसमस’ हे इंग्रजी शब्द त्या लोकांच्या तोंडीं ‘मेले कलिकिमका’ असे झाले. जोडाक्षर नाहीं, आणि प्रत्येक अक्षराच्या अंतीं स्वर असतोच. हें सर्व मराठी जिभेला सोपें आहे. अवघड काय तें आठवें व्यंजन. तें म्हणजे कंठांत क्षणभर झालेला अडथळा. लहान मूल औषध घेण्यास नकार देतांना ‘अं-अं’ करतें, त्या दोन अं-च्या मध्यें घसा जो मिटतो, तोच हा वर्ण. लिहितांना त्याच्यासाठीं उलट्या स्वल्पविरामासारखें चिन्ह वर काढतात. दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात.

हीं चिन्हें गाळलीं तर काय बिघडतें ? ‘को’उ’ म्हणजे माझें, आणि अडथळा न देतां म्हटलेलें ‘कोउ’ म्हणजे तुझें. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या वाचकांना या भेदाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. मिशनऱ्यांनीं १८२६ च्या सुमारास या भाषेची लिपि ठरविली तेव्हां कंठांतल्या वर्णाला त्यांनीं अक्षराचा मान दिला नाहीं; परंतु बायबल छापतांना या एका जोडीसाठीं मात्र त्यांना चिन्ह वापरावेंच लागलें. दुसरें उदाहरण ऑर्किडवाल्यांच्या उपयोगाचें आहे. ‘लानाइ’ म्हणजे ओसरी, आणि ‘लाना’इ’ हें एका बेटाचें नांव. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचें ऑर्किड पहिल्या ठिकाणीं आहे.

ऑर्किडच्या पुस्तकांत भेटणारे आणखी दोन शब्द येथेंच सांगून टाकतों. ‘हापु’उ’ हें तिकडच्या वृक्षासारख्या वाढणाऱ्या नेच्याचें नांव. त्याच्या खोडाच्या तंतुमय तुकड्यांवर ऑर्किडें लावण्याची चाल होती. पुष्कळ लोक त्याला ‘हापू’ म्हणतात, मग आपल्याकडील ऐकणाऱ्याला आंबा आठवतो. हा नेचा अतिशय सावकाश वाढतो, तेव्हां त्याच्या मागें न लागतां आपण नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लोणारी कोळसा वापरावा हें बरें. दुसरा शब्द ‘माइका’इ’, म्हणजे चांगलें. कॅटलिया वर्गांतील एका प्रसिद्ध संकराला हें नांव आहे. अडथळा गाळून तें सर्रास ‘मायकाय’ असें ऐकूं येतें.

देवाणघेवाण एकाच बाजूनें झाली आहे असें मात्र नाहीं. हवाईमध्यें ज्या ‘वँडा’ची फुलें ओवून गळ्यांत घालण्याच्या माळा करीत, त्या वँडाचें नांव सर विल्यम जोन्स यांनीं आपल्या संस्कृत ‘वन्दा’ शब्दावरून घेतलें. वन्दा म्हणजे झाडावर वाढणारी वनस्पति. आपल्याकडे अशा प्रत्येक वनस्पतीला बांडगूळ समजून ओरबाडतात, तें योग्य नव्हे. बांडगूळ झाडाचा रस शोषतें. ऑर्किड झाडावर केवळ बसलेलें असतें आणि हवेंत लोंबणाऱ्या मुळांनीं पाणी घेतें. सह्याद्रींतली सीतेची वेणी याच जातकुळीची.

आतां मुख्य गोष्ट. ज्या भाषेंतला हा शब्द, ती आपल्या घरांतूनच नाहींशी होण्याच्या बेतांत होती. १८९३ सालीं हवाईचें राज्य उलथून टाकण्यांत आलें. १८९६ च्या कायद्यानें शाळांतून इंग्रजी हेंच शिक्षणाचें माध्यम झालें. १८९८ मध्यें बेटें अमेरिकेच्या ताब्यांत गेलीं. आजीची भाषा नातवाला येईना. नांवें राहिलीं, पण तीं परक्या अक्षरांतून परक्या रीतीनें वाचलेलीं. १९७८ मध्यें या भाषेला पुन्हां राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि १९८४ मध्यें तिच्यांतूनच शिकविणारी पहिली बालशाळा निघाली. या शाळांचें नांव ‘पूनाना लेओ’, म्हणजे आवाजाचें घरटें. शिकणारे अर्थातच केइकि.

हें दूरचें वाटत असेल तर पिंपळीच्या पत्राचा ताजा कलम वाचावा. पुतण्या इंग्रजी शाळेंत जातो आणि पाटीवरचें आपल्या गांवाचें नांव ‘पिम्पली’ असें वाचतो, असें भगिनी लिहितात. त्या अक्षरांत ळ नाहीं, मुलाचा दोष नाहीं. पण पिंपळी हा शब्द मसाल्याच्या डब्यांतला आहे, आणि त्याचा संस्कृत पूर्वज ‘पिप्पली’ समुद्रापार जाऊन इंग्रजांचा ‘पेपर’ झाला, हें त्याला ठाऊक असण्याचा संभव कमी. डेंड्रोबियमच्या लेकराचा उच्चार शुद्ध करण्यास बसलेल्या या घरानें त्याच बैठकींत ळ-ही घोटवून घ्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

योगायोग असा कीं बारामतीप्रमाणें हवाईलाही एके काळीं ऊंसानेंच पोसलें. तिकडे ऊंसाला ‘को’ म्हणतात, ओ दीर्घ. तेथला शेवटचा साखर कारखाना, माउइ बेटावरील पु’उनेने येथील, डिसेंबर २०१६ मध्यें बंद पडला.

राहिली लेकराची निगा. कुंडींत खोंचावयाच्या चिठ्ठीवर नांव देवनागरींतच लिहावें. ऱ्हस्व-दीर्घ दाखविण्याची सोय आपल्या लिपींत आयती आहे. शाई उन्हानें उडते, शिसपेन्सिल टिकते. केइकि मातेपासून तोडण्याची घाई करूं नये. दोन-तीन पानें आणि दोन इंच लांबीचीं तीन-चार मुळें झाल्यावर, धारदार व ज्योतींत तापवून निववलेल्या सुरीनें, कांडीचा थोडा भाग ठेवून ती वेगळी करावी आणि लहानशा कुंडींत लावावी. पिंपळीची हवा कोरडी. चैत्र-वैशाखांत हें काम न करतां मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर करावें, आणि तोंवर सकाळीं एकदां मुळांवर पाणी शिंपडीत जावें.