धोक्याची कळ

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल-कारखान्यास आग लागली. मालक, त्यांचे कुटुंबीय व कामगार मिळून आठ जीव गेले. जेथे माणसे कामाच्या जागीच निजतात, तेथे धोक्याची कळ अवश्य हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. बिनतारी कळेतील बॅटरी नकळत संपू शकते. म्हणून कळ तारेने जोडलेली असावी, आणि तार तुटताच फलकावर इशारा उमटावा अशी तिची जोडणी असावी. ती बाहेर पडण्याच्या वाटेवर, सहज हात पोहोचेल अशी बसवावी. वीज गेली तरी घंटा वाजावी म्हणून फलकास बॅटरी जोडावी. दरमहा दाबून पाहावी. खर्च मालकांस जड वाटेल. परंतु त्या पहाटेच्या धुराने मालक आणि मजूर असा भेद केला नाही.