कर्जरोखा वर्गात आणा

दिवाळीच्या फराळाशी दुष्काळाचे नाव कशाला, असे कोणी म्हणेल. पण मुलांना दारिद्र्य शिकवायचे तर त्याला मुहूर्त तो कोणता पाहायचा? आमच्या शाळांत ते शिकवतात ते असे: ‘१८७५च्या दंग्याची कारणे सांगा. गुण चार.’ मुलगा चार कारणे घोकतो, चार गुण घेतो आणि दंगा विसरतो.

हा दंगा काही परमुलखातला नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा डोळा होता कर्जरोख्यांवर आणि खातेवह्यांवर. ते हाती येताच त्यांची होळी झाली. आपला गळा कागदात अडकला आहे हे निरक्षर कुणब्याला कळले. आमच्या शिक्षणाच्या धुरीणांना अजून कळू नये?

तसा एक कर्जरोखा आणि साऱ्याची एक पावती वर्गात शेजारीशेजारी ठेवा. सहीच्या जागी नांगराची निशाणी का, हे मुले आपणच विचारतील. मग एकट्या सावकाराला खलपुरुष ठरवून मोकळे होता येणार नाही. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचा भाव कोसळला, सावकाराने हात आखडला. सरकारने मात्र फेरआकारणीत सारा चढवला, आणि तोही रोकडीत!

छायाचित्रे अवश्य दाखवावीत, पण नुसती नव्हेत. १८७६-७८च्या दुष्काळात हूपर या लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यात घेतलेल्या छायाचित्रांत सापळे झालेली माणसे कॅमेऱ्यापुढे रचून बसवलेली दिसतात. ती पाहून मुले हळहळतील, फार तर तोंड फिरवतील. त्याच दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली होती. तो मजकूर चित्राशेजारी ठेवा. दयेच्या जागी प्रश्न उभा राहील.

पिंपळे सौदागरला आज उंच इमारती आहेत. डॉ. हॅरॉल्ड मान यांच्या १९१७च्या पुस्तकात त्याच गावचा हिशेब आहे: १७७१ साली सरासरी खातेदाराची जमीन ४० एकर, १९१५च्या सुमारास अवघी ७! त्या इमारतींतल्या मुलांना हे कोण सांगणार?

कोवळ्या मनांना हे सोसेल काय, असे विचारणाऱ्यांना माझा उलट सवाल आहे: १९७२ साली खडी फोडायला गेलेल्या घरांतल्या मुलांची मने कोवळी नव्हती काय?

तेव्हा वाचकहो, दिवाळीची झाडलोट करताना आजोबांच्या ट्रंकेतली जुनी पावती, रेशनकार्ड, गहाणखत रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. मुलांना जवळ बसवा आणि ते मोठ्याने वाचून दाखवा.