पट्टी कोणती? आधी हाताचे काम पाहा

परभणी जिल्ह्यात सोयाबीनची काढणी उरकते न उरकते तोच कापसाची वेचणी सुरू होते. विळ्याने बोट कापणे, वाळलेल्या बोंडाची टोके नखाजवळ रुतणे हे त्या दिवसांत रोजचेच. मग कुणी हळद दाबते, कुणी तंबाखू किंवा चुना, कुणी चिंधी गुंडाळते आणि काम पुढे सुरू राहते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. हात थांबला की पैसे बुडतात. म्हणूनच चिकटपट्टी ही शहरी चैन नाही, विळ्याइतकीच शेतातली गरज आहे. फक्त दुकानदार देईल ती पट्टी प्रत्येक हाताला चालत नाही.

ही पट्टी मुळात कामाच्या हातासाठीच तयार झाली. अमेरिकेत 1920 मध्ये अर्ल डिक्सन यांनी चिकट फितीवर जाळीच्या कापडाची घडी बसवली. स्वयंपाक करताना पत्नीची बोटे सारखी कापत; तिला कुणाच्या मदतीशिवाय जखम झाकता यावी, एवढाच हेतू होता.

उघडी ठेवावी की झाकावी?
‘उघडी ठेव, वाळू दे’ हा सल्ला घरोघरी मिळतो. पण 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगात दाखवून दिले, की झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी कातडी लवकर येते. शेतात तर धूळ आणि शेणमाती असतेच. म्हणून जखम झाकलेलीच बरी.

कोणत्या कामाला कोणती?
• वेचणी, खुरपणी: कापडी पट्टी. ती बोटाच्या सांध्याबरोबर वाकते, लवकर सुटत नाही. भिजली की मात्र बदलावी.
• भांडी, धुणे, दारे धरणे: पाणी आत न जाऊ देणारी, वॉटरप्रूफ पट्टी.
• चपलेने आलेला फोड: जेलसारखा थर असलेली हायड्रोकोलॉइड पट्टी. ती महाग असते, रोज बदलावी लागत नाही. जखम चिघळलेली असेल तर ती वापरू नये.
• म्हाताऱ्या माणसांची पातळ कातडी किंवा पट्टीने खाज येणारी त्वचा: निर्जंतुक गॉज आणि वर कागदी टेप.

पट्टीची मधली गादी जखमेपेक्षा मोठी हवी. चिकट भाग जखमेवर येता कामा नये. बोटाभोवती करकचून गुंडाळू नये. टोक निळसर पडले किंवा बधिर झाले, तर लगेच सोडावी. सुटी पट्टी घेताना तिचे कागदी वेष्टन फाटलेले नाही ना, हे पाहावे. पट्टी रोज बदलावी. ओली किंवा मळकी झाली तर त्याआधीच.

पट्टी हे औषध नव्हे
सर्वांत महत्त्वाचे काम पट्टीच्या आधी करायचे असते. स्वच्छ पाण्याने जखम धुवा, भोवतीची कातडी साबणाने साफ करा, कोरडी करा, मग पट्टी लावा. माती तशीच ठेवून पट्टी लावणे म्हणजे घाण आत कोंडणे. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, माती-शेणात असतात. मातीने माखलेली जखम असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला 5 वर्षे उलटली असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन टीडीची लस घ्यावी.

10 मिनिटे दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, जखम खोल किंवा फाकलेली असेल, तर पट्टीने भागत नाही, दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्यांनी पायाची लहान जखमही डॉक्टरांना दाखवावी. कुत्रा चावला तर पट्टी लावूच नये. जखम 15 मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी रुग्णालयात जावे. आणि कापलेल्या बोटावर पट्टी आहे म्हणून फवारणीचे औषध हाताळू नये; पट्टी म्हणजे हातमोजा नाही.

बांधावर काय हवे?
मजूर महिलेने स्वतःच्या मजुरीतून पट्टी घ्यावी, ही अपेक्षा चुकीची आहे. वेचणीला माणसे लावणाऱ्या शेतमालकाने पिण्याच्या पाण्याच्या घागरीसोबत साबणाची वडी आणि दहा-बारा पट्ट्या बांधावर ठेवाव्यात. खर्च चहा-पाण्याएवढाच. आणि धुऊन पट्टी लावायला लागणाऱ्या पाच मिनिटांवरून तिला कुणी बोलू नये. बोट चिकटपट्टीवर बरे झाले तर तिचा एक दिवसही बुडत नाही. पिकले तर अख्खा आठवडा जातो.