गाडीतले अनोळखी चेहरे

सुट्टीत आपल्यापैकी बरीच कुटुंबे मुला-नातवंडांकडे परदेशी जातात आणि मंडळाच्या गटावर फोटो येऊ लागतात. खिडकीबाहेर बर्फ, आत स्वच्छ डबा, समोरच्या बाकावर पेंगलेल्या कुणी आजीबाई. आजीबाईंना विचारले होते का, हे आपण कुणीच विचारत नाही. सार्वजनिक जागेत विचारायचे कशाला, असे आपले सरळ गणित असते.

जर्मनीत हे गणित चालत नाही. १८९८ मध्ये बिस्मार्क वारले, तेव्हा दोन छायाचित्रकारांनी रात्री खोलीत शिरून मृतदेहाचा फोटो काढला. प्रकरण कोर्टात गेले आणि पुढे १९०७ मध्ये कायदा झाला. माणसाच्या संमतीशिवाय त्याचे चित्र पसरवता किंवा जाहीरपणे दाखवता येत नाही. दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. निसर्गदृश्यात कुणी ओघाने आले तर सूट आहे, पण पेंगलेल्या आजीबाई म्हणजे निसर्गदृश्य नव्हे! पोर्तुगालच्या नागरी संहितेतही असेच कलम आहे. जपानमध्ये विकले जाणारे मोबाइल फोटो काढताना आवाज करतात, तो चोरून फोटो काढण्याला आळा बसावा म्हणून. कायदा नसताना कंपन्यांनीच ती पद्धत पाडली. चोरून अश्लील चित्रण करण्याविरुद्ध वेगळा कायदा तिथे २०२३ मध्ये आला.

आपल्याकडे? २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खासगी क्षणांच्या चोरट्या चित्रणाला शिक्षा देते. पण लोकलमध्ये डुलकी घेणाऱ्या बाईचा साधा फोटो त्यात बसत नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू नाही. म्हणजे मधली मोठी जागा मोकळीच आहे, आणि रील्स नेमकी तिथेच बनतात. वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३८ ते ४१ दरम्यान न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीत कोटात कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो काढले. त्यांचे पुस्तक मात्र १९६६ मध्ये काढले. आपला फोटो वापी स्टेशन येण्याआधीच शंभर जणांकडे पोचलेला असतो.

परदेशात निदान दंडाची भीती आहे. आपल्या दारात तीही नाही. दुधनीला बोटीत बसायला निघालेले पाहुणे खानवेलजवळ गाडी थांबवतात, काच खाली करतात आणि लावणी करणाऱ्या वारली बायकांचे फोटो काढून निघून जातात. नंतर त्याखाली काय लिहिले जाते ते त्या बायकांना कधी कळत नाही. हे पाहुणे बहुतेक वेळा आपलेच असतात, आणि त्यांना तिकडे नेणारेही आपणच. वारली बोली मराठीच्या इतकी जवळची आहे की भाषेची अडचण सांगता येणार नाही. गाडीतून उतरून बांधापर्यंत चालत जाऊन 'फोटो काढू का?' असे विचारायला दोन मिनिटे लागतात. आणि त्या नाही म्हणाल्या, तर मोबाइल खिशात ठेवायचा.