जॉन बकन : कथाकार आणि राज्यकर्ता

गोष्टीची पुस्तके वाचून कोणी शहाणा होत नाही, असे आपल्याकडे घरोघरी बजावले जाते. मग अशा गोष्टी लिहिता लिहिता एका विशाल देशाचा गव्हर्नर-जनरल झालेल्या गृहस्थास काय म्हणावे? जॉन बकन यांना ते पद कादंबऱ्यांनी मिळवून दिले नाही, हे खरे. पण कादंबऱ्यांमुळे ते हुकलेही नाही.

स्कॉटलंडातील पर्थ येथे १८७५ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. ग्लासगो व ऑक्सफर्ड येथील शिक्षण, दक्षिण आफ्रिकेत लॉर्ड मिल्नर यांची चिटणिशी, वकिली, प्रकाशनाचा व्यवसाय, १९२७ पासून पार्लमेंटचे सभासदत्व, असा व्याप सांभाळून ते लिहीत राहिले. 'दि थर्टी-नाइन स्टेप्स' ही त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी १९१४ साली, महायुद्धाच्या आरंभी, पोटाच्या व्रणाने अंथरुणास खिळले असताना लिहिलेली आहे. तिचा नायक हॅने स्कॉटलंडच्या माळरानांवरून पोलीस आणि हेर या दोघांनाही चुकवीत पळतो. एकदा तर खडी फोडणाऱ्या मजुराचे सोंग घेतो. हे प्रकरण ज्याने वाचले नाही त्याने अवश्य वाचावे.

परंतु केवळ कौतुक करून भागणार नाही. १९१० सालच्या 'प्रेस्टर जॉन' या कादंबरीत लापुटा नावाचा सुशिक्षित, तेजस्वी आफ्रिकी पुढारी गोऱ्यांच्या सत्तेविरुद्ध उठाव करतो. बकन यांनी त्याला भव्यता दिली, न्याय मात्र दिला नाही. कृष्णवर्णीयांवर राज्य करणे हा गोऱ्यांचा धर्मच, अशा थाटात ती कथा संपते. परसत्तेखाली दिवस काढलेल्या देशातील वाचकास हे खटकल्यावाचून राहत नाही, आणि खटकलेच पाहिजे. रसाळ कथेतून पाजलेला अहंकार सहज घशाखाली उतरतो.

हेच बकन लॉर्ड ट्वीड्सम्यूर या नावाने १९३५ साली कॅनडाचे गव्हर्नर-जनरल झाले. पुढच्याच वर्षी मॅनिटोबा प्रांतातील फ्रेझरवुड या गावी युक्रेनमधून येऊन वसलेल्या लोकांसमोर ते बोलले. तुम्ही चांगले युक्रेनियन राहिलात तर अधिक चांगले कॅनेडियन व्हाल, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आलेल्यांनी आपली भाषा व चालीरीती विसरून जाव्यात, असे मानणारे त्या काळी पुष्कळ होते. अशा वेळी राजप्रतिनिधीनेच हे बोलावे, याला माझ्या मते त्यांच्या कोणत्याही कादंबरीहून अधिक धैर्य लागले असेल. बडोदे, इंदूर वा बेळगाव येथील मराठी घरांना यातील मर्म समजावून सांगावयास नको.

अर्थात फ्रेझरवुडचे श्रोते युरोपीय होते. लापुटाच्या बांधवांना त्यांनी हेच सांगितले असते काय, ही शंका उरतेच.

१९३७ साली त्यांनी मॅकेंझी नदीच्या मार्गाने उत्तर ध्रुवप्रदेशापर्यंत प्रवास केला. फेब्रुवारी १९४० मध्ये माँट्रियल येथे त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'सिक हार्ट रिव्हर' या त्यांच्या कादंबरीत क्षयाने मरणोन्मुख झालेला एक ब्रिटिश राजकारणी त्याच उत्तरेकडे जातो आणि हताश होऊन उपासमारीने खंगत चाललेल्या एका आदिवासी जमातीला जगविण्यासाठी आपली उरलेली शक्ती वेचतो. येथेही नायक गोराच आहे. मात्र या खेपेस तो राज्य करावयास गेलेला नाही.