संगणक आपला, सॉफ्टवेअर कुणाचे?

न्यायालयाच्या आवाराबाहेर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणारा एक तरुण मध्यंतरी आमच्याकडे आला होता. कर्ज काढून त्याने संगणक घेतला होता. 'आत सगळे टाकून दिले आहे,' असे विक्रेत्याने सांगितले आणि धंदा सुरू झाला. पावती मात्र फक्त यंत्राची होती. आतल्या सॉफ्टवेअरचा परवाना कुठे आहे, असे आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ते संगणकातच येते ना?"

हा गैरसमज त्याच्या एकट्याचा नाही. डोळ्यांना दिसते ते यंत्र म्हणजे हार्डवेअर. यंत्राने काय करावे याच्या लिखित आज्ञा म्हणजे सॉफ्टवेअर. त्याचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. पहिला प्रकार सिस्टिम सॉफ्टवेअरचा. विंडोज, लिनक्स, मॅकओएस या ऑपरेटिंग सिस्टिम त्यात येतात. त्या नसतील तर यंत्र म्हणजे नुसता डबा! प्रिंटरला कामाला लावणारा ड्रायव्हरही याच घरातला. दुसरा प्रकार अॅप्लिकेशन सॉफ्टवेअरचा. अर्ज लिहायला वर्ड, हिशेबाला एक्सेल किंवा टॅली, छपाईच्या मांडणीला पेजमेकर, इंटरनेट पाहायला ब्राउझर. तिसरा प्रकार युटिलिटीचा: व्हायरस काढणे, फाइलींची जादा प्रत ठेवणे ही देखभालीची कामे ते करते. चौथा प्रकार म्हणजे सॉफ्टवेअर तयार करण्याचे सॉफ्टवेअर, कंपायलर वगैरे. आपली बहुतेक मुले दुसऱ्या प्रकाराचा क्लास करून थांबतात. चौथ्यापर्यंत फार थोडी पोहोचतात.

पण वकील म्हणून आम्हाला आणखी एक वर्गवारी महत्त्वाची वाटते. ती हक्काची आहे. विंडोज किंवा वर्ड आपण विकत घेतो म्हणजे त्याचे मालक होत नाही. आपल्याला वापरण्याचा परवाना मिळतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६३-ब आले. चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकते. आमच्या या तरुणाचा तर धंदाच होता. विक्रेता नामानिराळा राहतो आणि सापडतो तो कर्जबाजारी दुकानदार!

मग गरिबाने संगणक वापरूच नये काय? तसे मुळीच नाही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. मुक्त सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, त्याचा कोड वाचावा, बदलावा आणि इतरांना वाटावा, असा परवानाच त्याबरोबर मिळतो. येथे 'फुकट' आणि 'मुक्त' यांत गल्लत करू नये. फुकट मिळालेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा कोड आपल्याला पाहता येतोच असे नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो पाहण्याचा हक्क असतो. चौथ्या प्रकाराकडे जाण्याचा रस्ता तेथूनच निघतो.

आज अर्ज आणि हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिबरऑफिस आहे, चित्रांसाठी गिंप आहे, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आहे. आपल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी बॉस लिनक्स तयार केले. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर मुले शिकवून दाखवली. युनिकोडमध्ये टाइप केलेले मराठी लिनक्सवरही नीट उघडते. अडचणी नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या फॉन्टमधल्या फाइली बिघडतात, टॅली सरळ चालत नाही, हात बसायला काही दिवस लागतात. आमच्या तरुणालाही ते जड गेले. पण आता पोलिसाच्या गाडीचा आवाज आला तरी तो दचकत नाही.

वस्तीतल्या वाचनालयासाठी, अभ्यासिकेसाठी वर्गणी काढून संगणक घेतले जातात. ते घेणाऱ्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच: यंत्राच्या पावतीबरोबर आतल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना मागा. विक्रेता तो देत नसेल, तर त्याला मुक्त सॉफ्टवेअर टाकायला सांगा. मुलांच्या हाती संगणक द्यायचा तो त्यांनी ताठ मानेने वापरावा म्हणून. चोरीच्या मालावर ते कसे होणार?